आठ नंबरचा कप्तान

मनगटावर नंबर टाकायची अक्कल मेकअपताईचीच, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की तिने सगळं पाप दुसऱ्यांच्या माथी मारलं.

काम असं होतं. सेनापतीवरचा मोठा लढाईचा सिनेमा. रोज सकाळी दोन-अडीचशे शिपाई उभे करायचे, आणि तंबूत रंगवायला हात चार, दोन ताईचे आणि दोन मदतनीस बाईचे. प्रत्येक माणसाच्या कातडीचा रंग वेगळा. कुणाला कुठला डबा लागतो ते रोज नव्याने बघत बसलं तर अर्धं सैन्य दुपारपर्यंत बाहेर उन्हातच वाळणार. म्हणून ताईने पहिल्याच आठवड्यात एक तक्ता केला. सगळ्यात गोरा तो एक, सगळ्यात काळा तो नऊ. माणूस एकदा पारखायचा आणि त्याच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पक्क्या पेन्सिलीने नंबर लिहायचा. दुसऱ्या दिवशी आला की त्याने मनगट दाखवायचं, बाईने त्या नंबरचा डबा उघडायचा, स्पंज फिरवायचा आणि म्हणायचं, "पुढचा." तीन तासांचं काम दीड तासात व्हायला लागलं. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर कौतुक केलं. ताईही मेली फुशारून गेली.

तिचे वडील, अप्पा, याच सिनेमात शिपायांना कवायत शिकवायचे. सव्वीस वर्षं सैन्यात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. गुडघे कुरकुरायचे, पण पाठ अशी की भिंतीने त्यांच्याकडून सरळ उभं राहायला शिकावं. त्यांच्या मनगटावर आठ होता. ताई स्वतःही आठच, बापाची लेक.

या सिनेमात एक प्रसंग होता आणि त्या प्रसंगावर अप्पांच्या घरातल्या तिघांचाही जीव जडला होता. लढाई जुनी, पणजोबांच्या काळातली. सेनापती तापाने फणफणून तंबूत पडलेले, नदीवरचा लाकडी पूल अर्धवट, पलीकडून तोफा चालू. अशा वेळी पूल बांधणाऱ्या तुकडीचा एक काळा कप्तान फळ्यांवर उभा राहिला आणि त्याने अख्खं सैन्य पार नेलं. हे खुद्द सेनापतींनीच एका पत्रात लिहून ठेवलेलं, पण ते पत्र इतकी वर्षं दफ्तरात कुजत पडलं होतं. तोवर या सेनापतीवर निघालेल्या सिनेमांत सेनापतीपासून घोड्याला दाणा घालणाऱ्यापर्यंत सगळे एकाच गोऱ्या घरातले भाऊ वाटायचे. मागच्या वेळी लोकांनी त्यावरून छीथू केली. म्हणून या वेळी पैसे घालणाऱ्यांनी एक सल्लागार बाई नेमली. तिच्याकडे छापील फॉर्म. सैन्य जसं होतं तसं पडद्यावर दिसतंय की नाही ते बघायचं आणि रकान्यात खूण करायची.

कवायतीच्या तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने अप्पांचा आवाज ऐकला. अडीचशे माणसं एका हुकमावर गप्प झाली होती. तो धावतच आला आणि म्हणाला, "मास्तर, माझा कप्तान सापडला. तुम्हीच!"

सात वाक्यं होती. घरी आई चष्मा लावून कागद धरायची आणि अप्पा म्हणायचे. पुढे कागदाची गरज उरली नाही, पण आईला सवय लागली होती. एका सकाळी न्हाणीघरातून गर्जना झाली, "फळी तुटली तर खांदा द्या! मागे कुणी बघायचं नाही!" शेजारची बाई घाबरून दार वाजवायला आली.

"अहो, लढाई बाहेर येऊन जिंका," आई म्हणाली. "आत नळ चालू राहिलाय."

आई थट्टा करायची, पण तिनेच दर दोन दिवसांनी त्यांच्या मिशा बसून कातरल्या. तिला कारण ठाऊक होतं. अप्पांनी ते ताईला एकदाच सांगितलं होतं, तेही हसत हसत. खऱ्या लढाईत एका टेकडीवर त्यांच्या साहेबाचे पाय लटपटले, आणि दोन दिवस तुकडी अप्पांनी चालवली. एकतीस माणसं जिवंत खाली आणली. शौर्याचा बिल्ला साहेबाला मिळाला, तेही अप्पांनी सोडून दिलं. पण वर्तमानपत्राचा फोटोवाला आला तेव्हा त्याने अप्पांना बाजूला व्हायला सांगितलं. "तुमचं तोंड छापल्यावर नुसता डाग दिसतो हो." हे सांगून अप्पा हसले होते. आई हसली नव्हती.

तर आता ते तोंड छापून येणार होतं, तेही सात वाक्यांसकट, भिंतीएवढं.

शिसारी यायला सुरुवात झाली ती एका साध्या सकाळी. ताई स्पंज धुवायला तंबूबाहेर आली. समोर चिखलाचं मैदान, शिडीवर भोंगा. भोंगा म्हणजे दिग्दर्शकाचा मुख्य सहायक. तोंडाला कर्णा लावल्याशिवाय तो आपल्या बायकोशीही बोलत नसावा अशी सगळ्यांना शंका होती. खाली गर्दी पुरवणारा मुकादम, दांडगा गडी, लोकांची मनगटं उलटी करून बघत होता.

"एक ते तीन, अधिकारी! चार-पाच, घोड्यांपाशी!" कर्णा ओरडला. "सहा, बंदूकवाले, मागच्या रांगेत! सात-आठ-नऊ, निम्मे शत्रू, निम्मे मढी! चला, मढ्यांनी आडवं व्हायचं!"

ताईच्या हातातून स्पंज पडला. तिने शिडीपाशी जाऊन वर बघितलं.

"अहो, हे काय चाललंय?"

भोंग्याने कर्णा खाली घेतला. चेहरा अगदी प्रेमळ. "ताई, तुमचे उपकार आहेत. पूर्वी एकेकाचं तोंड बघून लावायला लागायचं. आता मुकादमाला सांगून ठेवलंय, तोंड बघू नकोस, मनगट बघ. वेळ किती वाचतो!"

"तो नंबर डब्याचा आहे. माणसाचा नाही."

"हो हो, तेच ते," भोंगा म्हणाला आणि कर्णा पुन्हा तोंडाला लावला.

ती सल्लागार बाईकडे गेली. बाई छत्रीखाली फॉर्म भरत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पान उलटलं आणि सांगितलं, "कॅमेऱ्याच्या चौकटीत सगळ्या रंगांची माणसं हवीत, एवढं मी बघते. आज सात ते नऊचे बासष्ट आहेत. चांगला आकडा आहे." त्यांतले निम्मे तेव्हा चिखलात तोंड खुपसून पडले होते, आणि एकाच्या कानावर माशी बसली होती. तो मेलेला असल्यामुळे तिला हाकलू शकत नव्हता.

ताई तंबूत येऊन आपल्या तक्त्याकडे बघत राहिली. काय सुबक अक्षर काढलं होतं! रंगाचे नऊ चौकोन, खाली नऊ आकडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला तो तक्ता फाडावासा वाटला. पण पुलाचा प्रसंग बारा दिवसांवर आला होता. आता भांडलो तर अप्पांची सात वाक्यं जातील, असा हिशेब तिने मनात केला आणि पुढच्या माणसाचं मनगट हातात घेतलं. त्या हिशेबाची तिला पुढे सगळ्यात जास्त किळस आली.

कारण वाक्यं तशीही गेलीच.

प्रसंगाच्या पाच दिवस आधी दिग्दर्शकाने बापलेकीला आपल्या गाडीत बोलावलं. गाडीत गारवा, खुर्च्यांवर मऊ टॉवेल. एका खुर्चीत लोणी बसलेला. सिनेमाच्या नायकाचा हा धाकटा भाऊ. रंगाने गोरा, वागायला गुळगुळीत, कुणाच्याही हातातून निसटणारा, म्हणून सगळे त्याला मागून लोणी म्हणायचे. ताईच्या तक्त्यात त्याला एक नंबरही गडद पडला असता.

"मास्तर, अडचण अशी झालीय," दिग्दर्शक म्हणाला, "कप्तानाचं पात्र इतकं सुंदर झालंय की ते अनोळखी तोंडाला देणं म्हणजे त्या थोर कप्तानावरच अन्याय. लोक ओळखीच्या माणसासाठी रडतात. तेव्हा कप्तान हे करतील."

"हे?" ताईच्या तोंडून निघालं. "पण कप्तान काळा होता."

"पात्र काळंच राहील, ताई. फॉर्ममध्ये पात्राचा रंग विचारलाय. कलाकाराचा नाही. मी बाईंना विचारून घेतलंय." मग तो थोडा पुढे वाकला. "यांचा रंगवणारा म्हणतो, त्याच्या पेटीत पाचच्या पुढे डबाच नाही. तेव्हा ते तुम्ही करायचं. वडिलांना शेजारी उभं करा आणि हुबेहूब जुळवा. घरचाच नमुना आहे."

अप्पा सावधान उभे होते. मऊ टॉवेलावर बसायला त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

"मास्तरांना मी सोडणार नाही हां," दिग्दर्शक म्हणाला. "कप्तान पुलावर चढतो तेव्हा त्याच्या पायाशी एक म्हातारा शिपाई मरतो. फार बोलका प्रसंग आहे. तोवर प्रकाश लावायला यांच्या जागी मास्तरच कोट घालून उभे राहतील, रंग तोच असल्यामुळे सोयीचं. आणि यांना जरा हुकूम कसा द्यायचा ते शिकवा."

"बरं, साहेब," अप्पा म्हणाले.

बाहेर आल्यावर ताई उसळली. "बरं साहेब? अप्पा, बरं साहेब?"

"हुकूम होता."

"हा सिनेमा आहे! इथे कोणाचा हुकूम?"

"मग तिथे टेकडीवर तरी कुणाचा होता?" अप्पा म्हणाले आणि शिपायांकडे चालायला लागले. अडीचशे माणसं उन्हात त्यांची वाट बघत होती.

त्या पाच दिवसांत त्यांनी लोण्याला खरंच शिकवलं. पाय किती अंतरावर ठेवायचे, श्वास पोटात कसा घ्यायचा, हुकमाचा शेवटचा शब्द आधी मनात कसा म्हणायचा. लोणी मधेच फोन बघायचा. "मास्तर, एवढं सगळं दिसतं का पडद्यावर?" असं विचारायचा. घरी आईने कागद घडी करून कपाटात ठेवला.

प्रसंगाचा दिवस उजाडला. पूल पाच आठवडे खपून बांधलेला, आणि शेवटी तो सुरुंगाने उडवायचा. म्हणजे सगळं एकदाच. चुकलं तर पुन्हा नाही. सकाळपासून सगळ्यांचे आवाज चढलेले.

ताईने लोण्याला खुर्चीत बसवलं आणि अप्पांना त्याच्या शेजारी, दिव्याखाली. सात आणि नऊचे डबे उघडून जरा जरा घेतलं, आठमध्ये मिसळलं, लोण्याच्या गालावर एक बोट लावलं आणि अप्पांच्या गालाकडे बघितलं. थोडं लाल कमी. पुन्हा बघितलं. ज्या तोंडाकडे बघत ती लहानाची मोठी झाली, तापात ज्याची वाट बघितली, ते तोंड ती आता कापडाच्या दुकानातल्या तुकड्यासारखं निरखत होती. अप्पा समोर बघत होते. डोळ्यांखालची कातडी जरा सैल झालीय, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

रंग जुळला. नको तितका जुळला. कामाचा हात असतो, तो मनाला विचारत नाही.

लोण्याने आरशात बघितलं, मान इकडे तिकडे वळवली आणि म्हणाला, "ईऽऽ! निघेल ना हो हे नंतर?"

अप्पा शेजारीच होते, हातभर अंतरावर. त्यांनी पापणीही हलवली नाही.

ताईच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. लोण्याच्या खुर्चीवर ओकावं इतकी शिसारी तिला आयुष्यात कशाची आली नव्हती. तिने नळाखाली हात धुतले, मग सवयीने पेन्सिल घेतली, कारण दुपारी रंग परत लावायचा तर डब्याचा नंबर हवा, आणि लोण्याच्या मनगटावर लिहिलं, आठ. मग फडकं तेलात बुडवून तिने अप्पांचा हात धरला आणि त्यांच्या मनगटावरचा आठ खसाखसा पुसून काढला.

"अगं, मला मढं व्हायचंय ना नंतर? नंबर लागेल."

"तुमच्या हातावर मला तो नको," ती म्हणाली.

पुढे जे झालं ते मुद्दाम झालं नाही. असल्या शहाण्यांना मुद्दाम बुडवावं लागत नाही.

कप्तानाचा कोट जाड लोकरीचा. लोण्याला उकडायचं, म्हणून तो कोट शेवटच्या क्षणी घालायचा असं ठरलेलं. तोवर कोट अप्पांच्या अंगावर आणि अप्पा पुलाच्या तोंडाशी खुणेवर उभे, दिवे लावून घेत. लोणी साध्या शिपायाच्या कपड्यांत, डोक्यावर लोखंडी टोप, गालावर आठ नंबर, फोनवर बोलत बोलत तंबूंच्या मागून चालला होता. इकडे मुकादम शेवटची मढी गोळा करत होता. सगळ्यांची तोंडं चिखलाने माखलेली, आणि त्याला तर शिकवलेलंच होतं. त्याने लोण्याचा हात धरला, मनगट उलटं केलं.

"आठ. चल, आडवा हो."

"ए, हात सोड! मी कप्तान आहे!"

"सकाळपासून तू सहावा कप्तान," मुकादम म्हणाला. त्याने फोन काढून खिशात टाकला आणि लोण्याला खड्ड्यात ढकलून दिलं. वर लगेच दुसरी दोन मढी येऊन पडली, कारण त्यांना तसंच पडायचं शिकवलं होतं. "डोळे मीट. बोललास तर उद्यापासून काम नाही."

तिकडे धूर सोडला होता. भोंग्याला शिडीवरून खुणेवर कोट दिसला. "कप्तान जागेवर!" तो ओरडला. "कॅमेरे चालू! सुरुंग!"

ताई दिग्दर्शकाच्या मागे उभी होती, हातात पेटी. कॅमेऱ्यांत काय येतंय ते दाखवणाऱ्या समोरच्या पडद्यांपैकी मधल्यावर तिला धुरातून एक तोंड दिसलं. दिग्दर्शक तेव्हा कडेच्या पडद्यावरचे घोडे बघत होता. एक शब्द बोलली असती तर सगळं थांबलं असतं. ती मूग गिळून उभी राहिली.

अप्पांना कळलं होतं. त्यांनी पुढे घरी सांगितलं की त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं, पण बदलीचा माणूस आला नाही. आणि बदली आल्याशिवाय पहारा सोडायचा नसतो. एवढ्यात पहिला सुरुंग ठरल्यापेक्षा जवळ उडाला. फळ्यांवरची माणसं दचकली, पुढची थांबली, मागची त्यांच्यावर आदळली. कठड्याला दोघं लोंबकळले. खाली पाणी, आणि अंगावर जड कपडे. हे लिहिलेलं नव्हतं. हे खरंच होतं.

"फळी तुटली तर खांदा द्या!" अप्पांचा आवाज धूर फाडून आला. "मागे कुणी बघायचं नाही! डावी रांग, चल!"

ज्यांना अप्पांनी महिनाभर शिकवलं होतं ती माणसं त्या आवाजाला ओळखत होती. एका श्वासात रांगा झाल्या. लोंबकळणाऱ्या दोघांना चौघांनी वर ओढलं. अप्पा कुरकुरत्या गुडघ्यांनी फळ्यांवर चढले, सातही वाक्यं म्हणाले, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत त्यांना पुढे काढलं आणि सगळ्यांत शेवटी स्वतः पलीकडे गेले. त्यांच्या मागे पूल उडाला.

टाळ्या सुरू झाल्या. कॅमेरावाला डोळे पुसत होता. दिग्दर्शकाने मधला पडदा परत चालवून बघितला. त्यावर अप्पांचं तोंड होतं, घामाने भिजलेलं, प्रत्येक सुरकुती लख्ख. डाग नव्हता. ताईने तोंडावर हात धरला. छापून आलं, अप्पा, छापून आलं, असं ती मनात म्हणत होती.

तेवढ्यात खड्ड्यातून लोणी उठला. नाकातोंडात चिखल, गळा काढलेला. "माझ्या अंगावर माणसं पडली! मला मढ्यांत टाकलं! मला!" चार माणसं टॉवेल घेऊन धावली. सल्लागार बाईने छत्री धरली. त्याच खड्ड्यात रोज पडून राहणाऱ्या माणसांना इतक्या दिवसांत कुणी रुमालही दिला नव्हता.

दिग्दर्शक बराच वेळ दोन पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने चुटकी वाजवली.

"जमलं. पूल परत मिळायचा नाही, पण गरजही नाही. मागच्या कॅमेऱ्याचं ठेवू, समोरचं टाकून देऊ. पाठ मास्तरांची, तोंड यांचं. दुपारी हिरव्या पडद्यासमोर उभं करून तोंडाचं घेऊ, आवाज नंतर भरू. वा! आणि बाई, पाठीचा रंग तर अस्सलच आहे."

"मग रकाना आणखी भक्कम झाला," बाई म्हणाली आणि तिने खूण केली.

अप्पा तोवर पलीकडून वळसा घालून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, कोट काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला.

"ताई, यांचं तोंड धुऊन परत आठ नंबर लावा," दिग्दर्शक म्हणाला.

"आठ नंबर संपला."

"हा काय समोर डबा!"

"तो माझ्या बापाच्या तोंडाचा आहे," ताई म्हणाली. "भाड्याने द्यायचा नाही."

भोंग्याने कर्णा खाली केला. दिग्दर्शकाला आधी वाटलं ती थट्टा करतेय. मग तो म्हणाला, "तुमच्यावाचून काम अडेल असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही अडणार," ताई म्हणाली. "तुमचं कशानेच अडत नाही. लाज असती तर अडलं असतं."

ती तंबूत गेली, तक्ता काढला आणि फाडला. बाहेर दुपारच्या फेरीसाठी मढी रांगेत उभी होती. तिने तेलाचं फडकं घेतलं आणि पहिल्याचा हात धरून नंबर पुसला, दुसऱ्याचा पुसला. तिसरा नऊ नंबरचा होता. त्याने हात मागे ओढून छातीशी धरला.

"अहो ताई, पुसू नका! नंबर नसला तर मुकादम घेत नाही."

तिने फडकं खाली ठेवलं. तिनेच शिकवलेलं ते काम तिच्यावाचून आता सुरळीत चालणार होतं.

सिनेमा आठ महिन्यांनी लागला. तिघं पहिल्या दिवशी गेली. ताईला पाऊल टाकवत नव्हतं, पण आई ठेवणीतले कपडे घालून सकाळपासून तयार बसली होती. ताईने तिला दहादा समजावलं होतं की फक्त पाठ आहे, तोंड नाही. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "एवढा मोठा प्रसंग. कुठेतरी वळतीलच की."

सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. या चित्रपटात सर्व रंगांच्या माणसांना योग्य प्रतिनिधित्व देण्यात आलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईच्या तोंडाला पुन्हा तेच आंबट पाणी सुटलं.

मग नदी आली, धूर आला आणि भिंतीएवढी ती पाठ आली. आईने ताईचा हात घट्ट धरला. "तेच! चालणं बघ. उजवा गुडघा बघ." पाठ फळ्यांवर चढली. पाठीने एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला. आई पुढे सरकून बसली, ओठ हलत होते, सातही वाक्यं तिला पाठ होती. "आता वळतील," ती पुटपुटली. "आता वळतील बघ."

पाठ वळली आणि लोणी दिसला. दुसऱ्याच कुणीतरी रंगवलेला, सांडलेला चहा वाळावा तसा. मानेचा रंग एक, तोंडाचा भलताच. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. लोण्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि लोक त्याच्यासाठी रडायला लागले होते.

आईने ताईचा हात सोडला. ती खुर्चीतच वळून बसली, पडद्याकडे अर्धी पाठ करून, आणि शेजारी बसलेल्या अप्पांच्या तोंडाकडे बघत राहिली. पडद्यावरचा उजेड त्यांच्या गालावर हलत होता. तोफा संपल्या, बिगुल वाजले, सेनापती तापातून उठून भाषण करायला लागले, तरी ती हलली नाही.

"अगं, समोर बघ की," अप्पा हळूच म्हणाले.

"कशाला?" आई म्हणाली. "तिथे कोण आहे आपलं?"